मोड, गोळ्या आणि वरचे पाच पैसे

या वेळच्या टपालात व्याज, हप्ते आणि विमा हे आमचे नेहमीचे विषय जवळजवळ नव्हतेच. बहुतेक वाचकांनी पाच-दहा रुपयांच्या आतले व्यवहार विचारले आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक पत्रांत कुठे ना कुठे गोळी किंवा चॉकलेट आले आहे. तेव्हा हा संपूर्ण अंक चिल्लरीला देत आहोत. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत. कायद्याचे जे उल्लेख येतील ते भारतातल्या चलनापुरते समजावेत.

प्रश्न : आमच्या नेहमीच्या दुकानात एक-दोन रुपये परत द्यायचे झाले की ‘मोड नाही’ म्हणून बरणीतल्या गोळ्या हातावर ठेवल्या जातात. रक्कम क्षुल्लक असल्यामुळे वाद घालायची लाज वाटते. परंतु या व्यवहारात नुकसान कोणाचे होते आणि किती, हे आकड्यांत समजून घ्यायचे आहे. (एक निवृत्त लिपिक)

उत्तर : प्रथम कायद्याची बाजू, कारण ती लहान आहे. देण्याघेण्यात कोणती नाणी स्वीकारावी लागतात हे २०११ च्या नाणे अधिनियमात सांगितले आहे आणि त्यात गोळी अर्थातच नाही. दुकानदाराने ती पुढे केली तर तो एक नवा सौदा असतो. तो मान्य करायचा की नाही हे आपण ठरवायचे. आपण नकार दिल्यास मूळ रुपया आपल्याला येणे राहतोच.

आता आकडे. समजा, एक रुपया छापील किंमत असलेली गोळी दुकानदाराला ८० पैशांना पडते. त्याने आपल्याला रुपयाऐवजी गोळी दिली, की त्याच्याकडून ८० पैशांचा माल गेला आणि एक रुपयाचे देणे फिटले. वरचे २० पैसे त्याला अशा विक्रीतून मिळाले, जी एरवी झालीच नसती. दिवसाला ६० गिऱ्हाइकांना अशी एकेक गोळी गेली, तर दिवसाचे १२ रुपये आणि तीस दिवसांचे ३६० रुपये झाले. याला मोठी लूट म्हणता येणार नाही, पण मोड आणून ठेवण्याचा कंटाळा आपोआप फायद्याचा ठरतो, हे त्यातून दिसते.

आपले नुकसान मात्र २० पैशांचे नाही. गोळी हवी होती तर नुकसान शून्य. नको होती तर पूर्ण एक रुपयाचे, कारण ती पुढे कोठेही चालत नाही. हे पडताळून पाहायचे असल्यास साठवलेल्या दहा गोळ्या घेऊन त्याच दुकानात जावे आणि दहा रुपयांच्या वस्तूपोटी त्या गल्ल्यावर ठेवाव्यात. प्रस्तुत लेखकाने हा प्रयोग एकदा केला. दुकानदार मोकळेपणाने हसला, त्याने गोळ्या मोजल्यासुद्धा आणि मग अदबीने परत केल्या. तेव्हापासून उरलेले रुपये तो वहीच्या शेवटच्या पानावर आमच्या नावापुढे मांडून ठेवतो आणि महिन्याच्या बिलातून वळते करतो. आपणही असे सुचवून पाहावे. बहुतेक दुकानदार ऐकतात.

प्रश्न : माझी मुलगी चौथीत आहे. ‘४.५ रुपये मोठे की ४.४५?’ असे विचारले, तर ती ४.४५ म्हणते, कारण ‘पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे’. शिवाय शंभरातून सदतीस वजा करताना हातच्यात हमखास चुकते. तिला दुकानात पाठवताना भीती वाटते. (एक आई)

उत्तर : मुलीचे चुकले ते आपल्या लिहिण्यामुळे. पैशांच्या हिशेबात टिंबाच्या डावीकडे रुपये आणि उजवीकडे पैसे असतात, आणि रुपयाचे पैसे शंभर असल्यामुळे उजवीकडे नेहमी दोन घरे हवीत. ‘४.५’ असे अर्धवट लिहिले की मूल त्याचे ‘चार रुपये पाच पैसे’ असे वाचन करते, आणि तसे वाचणे अगदी तर्कशुद्ध आहे. ४.५० आणि ४.४५ अशी दोन्ही घरे भरून लिहिल्यास पन्नास आणि पंचेचाळीस समोरासमोर येतात व प्रश्नच उरत नाही. चार रुपये पाच पैसे लिहायचे तर ४.०५. त्या शून्याची सवय दोन-चार दिवसांत होते. त्याहूनही सोपा उपाय म्हणजे सगळ्या रकमेचे पैसे करून टाकणे: ४५० आणि ४४५. पूर्ण संख्यांची तुलना तिला पहिलीपासून येते.

हातच्याविषयी आपण काळजी करू नये, कारण गल्ल्यावर बसलेला माणूस वजाबाकी करतच नाही. एखाद्या मुरलेल्या दुकानदाराकडे नीट पाहावे. बिल ३७ रुपयांचे झाले आहे आणि आपण शंभराची नोट दिली आहे. तो आधी एक रुपयाचे नाणे ठेवतो आणि पुटपुटतो ‘अडतीस’. दोन रुपयांचे ठेवतो, ‘चाळीस’. दहाची नोट ठेवतो, ‘पन्नास’. शेवटी पन्नासाची नोट ठेवतो, ‘शंभर’. किती परत दिले हे त्याला तोपर्यंत ठाऊकही नसते. ठेवलेले सगळे एकत्र केले, की ६३ निघतात. वस्तूच्या किमतीपासून सुरुवात करून दिलेल्या नोटेपर्यंत चढत जायचे, एवढीच ही रीत, आणि तिच्यात हातचा कोठेच येत नाही. मुलीला घरातल्या घरात दुकान मांडून गल्ल्यावर बसवावे आणि आपण गिऱ्हाईक व्हावे. उलटे केले तर तिला फक्त खर्च करणे येईल.

कागदावर करायचेच असेल, तर शंभरातून वजा करण्याऐवजी नव्व्याण्णवातून वजा करून एक मिळवावा. ९९ मधून ३७ गेले ६२, आणि एक ६३.

याच्या पुढची पायरी म्हणजे सुटे वरून देणे. बिल ६३ रुपये झाले असता दुकानदार ‘तीन रुपये सुटे आहेत का?’ असे विचारतो, तेव्हा मुले गोंधळतात. आधीच शंभर दिले आहेत, मग आणखी का मागतो, असे त्यांना वाटते. १०३ दिले की परत ४० येतात, म्हणजे वीसच्या दोन नोटा. नुसते शंभर दिले असते तर ३७ परत द्यावे लागले असते आणि दुकानदाराच्या गल्ल्यातले एक पाचाचे व एक दोनाचे नाणे गेले असते. बिलाचे एकं स्थान आपल्याकडून भरले की परतीची रक्कम पूर्ण दहांची होते.

प्रश्न : माझे छोटे दुकान आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेटवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पाच रुपयांच्या एका चॉकलेटवर नवी किंमत ४.४५ अशी छापून आली. एक गिऱ्हाईक म्हणतात, ‘अठरातून पाच गेले तेरा, पाच रुपयांचे तेरा टक्के म्हणजे पासष्ट पैसे, किंमत ४.३५ हवी, दहा पैसे कोणी खाल्ले?’ त्यांना काय सांगावे? आणि ४.४५ रोख घ्यायचे तरी कसे? (एक दुकानदार)

उत्तर : दहा पैसे कोणीही खाल्लेले नाहीत. आपले गिऱ्हाईक टक्के बरोबर वजा करतात, पण चुकीच्या रकमेवर लावतात, आणि ही चूक इतकी स्वाभाविक आहे की चांगले शिकलेले लोकही ती करतात.

छापील किंमत ही सर्व करांसह असते. अठरा टक्के कर पाच रुपयांवर लागलेला नव्हता. तो कराआधीच्या मूळ किमतीवर लागून दोन्हींचे मिळून पाच रुपये झाले होते. मूळ किंमत १०० भाग धरली, तर कर १८ भाग आणि गिऱ्हाईक देत होते ११८ भाग. आता कर ५ भाग झाला, म्हणजे द्यायचे १०५ भाग. सूट १३ भागांची खरी, परंतु ती ११८ भागांमधली १३ आहे आणि १३ भागिले ११८ म्हणजे ११ टक्क्यांहून किंचित अधिक. पाच रुपयांचे अकरा टक्के पंचावन्न पैसे. पाचातून पंचावन्न पैसे गेले, ४.४५ राहिले.

पैशांत पाहायचे तर असे: पाच रुपयांत मूळ किंमत ४ रुपये २३.७ पैसे होती आणि कर ७६.३ पैसे. नवा कर त्याच ४ रुपये २३.७ पैशांवर ५ टक्के, म्हणजे २१.२ पैसे. बेरीज ४ रुपये ४४.९ पैसे. ती छापताना ४.४५ झाली. कंपनीने आपली मूळ किंमत वाढवली नाही, एवढे यावरून कळते. आपल्या गिऱ्हाइकांना ११८ चा भाग सांगून पाहावा; तो न पटल्यास हे पैशांचे मांडलेले गणित दाखवावे.

कंपन्यांपुढे दुसरी वाटही असते: किंमत पाच रुपयेच ठेवायची आणि वजन वाढवायचे. तेथे पुन्हा एक फसवा आकडा भेटतो. किंमत ११ टक्के उतरवण्याऐवजी वजन ११ टक्के वाढवले, तर गिऱ्हाईक थोडे मार खाते. १०५ भागांत जेवढे मिळायला हवे, तेवढ्याच दराने ११८ भागांत किती मिळेल, असा हा प्रश्न आहे. ११८ भागिले १०५ केले की वाढ १२.४ टक्के येते. ५० ग्रॅमची वडी निदान ५६ ग्रॅमची व्हायला हवी, साडेपंचावन्नची नव्हे. कमी करण्याचा टक्का आणि वाढवण्याचा टक्का कधीच सारखे नसतात, कारण दोन्ही वेळा पाया बदललेला असतो. हेच गणित महागाईत उलटे चालते. एक रुपयाची गोळी एक रुपयालाच राहते, पण ४ ग्रॅमची ३.२ ग्रॅम होते. वजन २० टक्के घटले असे म्हणताना दर ग्रॅममागे २५ पैशांवरून सव्वाएकतीस पैशांवर गेलेला असतो, म्हणजे २५ टक्के वाढलेला. गोळीवाल्यांना वजन कमी करणे सोयीचे जाते, कारण सव्वा रुपया देता येईल असे नाणेच आज चलनात नाही.

राहिला रोख घेण्याचा प्रश्न. चलनातले सर्वांत लहान नाणे ५० पैशांचे आहे, आणि तेही कोणाच्या खिशात सहसा नसते. छापील किंमत ही कमाल किंमत असल्यामुळे तिच्या वर घेता येत नाही, ४.४५ च्या चॉकलेटचे पाच रुपये घेणे नियमात बसत नाही. खाली मात्र हवे तेवढे उतरता येते. एकच चॉकलेट हवे असलेल्या पोराकडून चार रुपये घेतल्यास आपले ४५ पैसे जातात, आणि एवढ्याशा मालावर ते परवडणारे नाही, हे आम्हाला समजते. मोबाइलवरून यूपीआयने पैसे घेतल्यास ४.४५ चे ४.४५ च येतात, तेथे पैशांच्या घराला अडचण नाही. रोखीत उपाय एकच: प्रत्येक नगाची किंमत स्वतंत्रपणे रुपयात न वळवता संपूर्ण बिलाची बेरीज आधी करावी आणि मग एकदाच, शेवटी, खालच्या रुपयावर वळवावे. चार चॉकलेटे १७.८० झाली, तर ८० पैसे सोडावे लागतील. पाच घेतली तर २२.२५, म्हणजे २५ पैसे. सात घेतली तर ३१.१५, म्हणजे अवघे १५ पैसे. नगागणिक सोडले असते तर सात नगांना ४५ पैशांप्रमाणे ३ रुपये १५ पैसे गेले असते. फरक पूर्ण तीन रुपयांचा आहे.

पन्नास पैशांच्या नाण्याने अचूक चुकते करायचे असेल, तर निदान दहा चॉकलेटे घ्यावी लागतील: ४४.५०. एवढी चॉकलेटे एकदम घेणारे गिऱ्हाईक वाढदिवसालाच येते.

प्रश्न : नवे पैसे आले त्या सुमारास मी शाळेत होतो. लिमलेटची गोळी एका पैशाला मिळे. नवे पैसे आल्यावर दुकानदार एका गोळीचे दोन नवे पैसे घेऊ लागला, पण चार गोळ्या एकदम घेतल्या तर सहाच घेई. तो फसवत होता की मेहरबानी करत होता, हे आज ऐंशी ओलांडल्यावरही उलगडलेले नाही. (एक ज्येष्ठ वाचक)

उत्तर : तो दोन्ही वेळा नियमाने वागत होता. आपले पत्र वाचून आनंद झाला, कारण या एका गोळीत तेव्हाचा सगळा घोळ साठवलेला आहे.

१ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार आणि पैशाच्या पया तीन होत्या. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे आणि १९२ पया. त्या दिवसापासून रुपयाचे १०० भाग झाले. जुन्या पैशाशी गल्लत होऊ नये म्हणून त्या भागाला ‘नया पैसा’ म्हटले गेले आणि १ जून १९६४ पासून त्यातला ‘नया’ गळाला. जुनी नाणी एका रात्रीत बाद झाली नाहीत. काही वर्षे दोन्ही शेजारी शेजारी चालली. अडचण अशी, की १०० ला ६४ ने भाग जात नाही. एक जुना पैसा म्हणजे १.५६२५ नवे पैसे आणि एक आणा म्हणजे सव्वासहा. अपूर्णांक अर्ध्याहून अधिक असेल तर पुढचा पूर्ण पैसा धरायचा, अर्धा किंवा त्याहून कमी असेल तर सोडून द्यायचा, असा नियम होता. दीड आणि थोडे वर, म्हणून एका गोळीचे दोन. चार गोळ्या म्हणजे एक आणा, सव्वासहा, वरचा पाव सोडून सहा. हाच नियम आपल्याला एकदा तोट्यात टाकत होता आणि एकदा फायद्यात.

किती, तेही पाहू. जुन्या रुपयात ६४ गोळ्या येत. नव्या नाण्यांत एकेक करून घेतल्या, तर १२८ नवे पैसे पडले असते. चारचार घेतल्या, तर सोळा वेळा सहा म्हणजे ९६. सगळ्या एकदम घेतल्या तर १००. तोच माल, तोच नियम, आणि तीन वेगवेगळ्या किमती, केवळ वळते किती वेळा केले यावरून. वरच्या दुकानदारांना जो सल्ला दिला तोच येथे उलट्या बाजूने दिसतो आहे. दोन आण्यांचे साडेबारा होत आणि नियमाने बारा धरले जात, त्यामुळे चवलीने, म्हणजे दोन आण्यांच्या नाण्याने, देणाऱ्यापेक्षा नव्या नाण्यांनी देणारा अर्ध्या पैशाने सुखी असे. तीन आण्यांचे पावणेएकोणीस होत, तेथे एकोणीस मोजावे लागत. आपल्या पिढीतल्या चतुर पोरांनी हे कोष्टक पाढ्यांसारखे पाठ केले असणार, अशी आमची दाट शंका आहे.

चार आण्यांचे मात्र बरोबर पंचवीस होतात, आठांचे पन्नास, बारांचे पंच्याहत्तर. रुपयाच्या सोळा आण्यांपैकी नव्या पैशांत पूर्ण बसणाऱ्या रकमा एवढ्याच आणि खुद्द रुपया. म्हणूनच की काय, ‘चार आणे’, ‘आठ आणे’, ‘बारा आणे’ हे शब्द त्यानंतरही कित्येक वर्षे बाजारात टिकले. पाच आणे किंवा सात आणे तोंडातून गेले. पावली (चार आणे) आणि अधेलीही (आठ आणे) बोलण्यात राहिल्या, पण चवलीला नव्या नाण्यांत जोडीदार मिळाला नाही. नवे नाणे दहा पैशांचे होते आणि तिची किंमत साडेबारा.

आपण पावकी-निमकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हटले असतीलच. पाउणकी म्हणजे आजच्या भाषेत ०.७५ चा पाढा; बारा आण्यांच्या आठ वस्तूंचे सहा रुपये तुम्ही बोट न मोडता सांगाल, आणि नातवंडांना त्यासाठी मोबाइल काढावा लागेल.

प्रश्न : कमीत कमी नाण्यांत रक्कम द्यायची तर आधी सर्वांत मोठे नाणे, मग त्याखालचे, असे उतरत जावे, असे आम्हाला शिकवले. ही रीत नेहमी बरोबर ठरते का? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : आजच्या नाण्यांपुरती ठरते. १, २, ५, १० आणि २० रुपये या मालिकेत मोठ्यापासून उतरत गेल्यास नाण्यांची संख्या नेहमी किमान येते. पण हा नियम गणिताचा नाही, मालिकेचा गुण आहे. आपल्याच देशात तो मोडलेला आहे. २५ पैशांचे नाणे आधीपासून होते आणि १९६८ मध्ये २० पैशांचेही आले. ४० पैसे द्यायचे असता मोठ्यापासून उतरलात तर २५, १० आणि ५ अशी तीन नाणी लागत. वीसची दोन दिली की काम होई.

खिशात बाळगण्यासाठी एक उपयोगी गोष्ट सांगतो. एकाचे एक, दोनाची दोन आणि पाचाचे एक, अशी चार नाणी असली की १ ते १० पर्यंतची प्रत्येक रक्कम अचूक देता येते. ३ ला एक आणि दोन, ४ ला दोन्ही दोन, ८ ला पाच-दोन-एक, ९ ला पाच आणि दोन्ही दोन. तीन नाण्यांत हे जमणार नाही, कारण तीन नाण्यांतून निरनिराळ्या फार तर सात रकमा तयार होतात. दुकानदाराच्या दृष्टीने पाहिल्यास याचा अर्थ असा, की दहाच्या आतल्या रकमेसाठी ‘मोड नाही’ ही तक्रार टाळायला दर गिऱ्हाइकामागे फार तर तीन नाणी लागतात.

प्रश्न : चार रिकामे कागद परत दिले की एक गोळी फुकट, अशी योजना होती. गोळी एक रुपयाला. दहा रुपयांत एकूण किती गोळ्या मिळतात यावरून आम्हा भावंडांत भांडण आहे: मी बारा म्हणतो, बहीण तेरा. (आठवीतील एक वाचक)

उत्तर : बहिणीचे बरोबर. दहा गोळ्यांचे दहा कागद. आठांच्या दोन गोळ्या मिळाल्या आणि दोन कागद हाती राहिले. येथे तुम्ही थांबलात. त्या दोन गोळ्या खाल्ल्यावर त्यांचेही दोन कागद होतात, आधीचे दोन धरून चार, आणि तेराव्या गोळीची सोय झाली. तिचा एक कागद उरतो.

न मांडता उत्तर काढायचे असेल, तर कागदाची किंमत शोधावी. चार कागद दिल्यावर मिळते एक गोळी तिच्या कागदासह. तो नवा कागद धरला, तर प्रत्यक्षात तीन कागदांना एक नुसती गोळी पडली. म्हणजे रुपयातले ७५ पैसे गोळीचे आणि २५ पैसे कागदाचे. दहा रुपयांत बारा आण्यांच्या गोळ्या किती? तेरा, आणि वर २५ पैसे राहतात. तोच तो शेवटचा कागद. जाहिरातीत मोठ्याने सांगितले जाते ‘चारावर एक फुकट’, आणि ऐकणाऱ्याला वाटते की पाचांतली एक मिळाली, म्हणजे २० टक्के सूट. कागद सांभाळून ठेवणाऱ्याला ती पुरी २५ टक्के पडते. कागद रस्त्यावर टाकणाऱ्याला काहीच नाही, आणि कंपनीचा हिशेब बहुधा त्याच्यावरच बसवलेला असतो.

प्रश्न : मुलांची मातीची बचतपेटी फुटली. तीत पन्नास पैशांची ३७ नाणी, पंचवीस पैशांची ११ आणि दहा रुपयांची निरनिराळ्या नक्षीची बरीच नाणी निघाली. यांपैकी काय चालेल? दुकानदार पन्नास पैसेही घेत नाही आणि दहाच्या काही नाण्यांना खोटी म्हणतो. (एक गृहिणी)

उत्तर : २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनात नाहीत; ती अकरा नाणी मुलांना वाटून टाकावीत. पन्नास पैशांचे नाणे चलनात आहे, परंतु एका व्यवहारात दहा रुपयांपर्यंतच, म्हणजे वीस नाणी. तुमच्या ३७ नाण्यांचे साडेअठरा रुपये होतात: वीस नाणी एका खरेदीला आणि सतरा दुसरीला द्यावीत. एक रुपया व त्यावरची नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंत चालतात.

दहाच्या नाण्यांची नक्षी वेळोवेळी बदललेली आहे. रुपयाचे चिन्ह असलेले आणि नसलेले, दोन्ही वैध आहेत. चौदा निरनिराळ्या नक्षींची दहाची नाणी चालतात, असे रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या जानेवारीत स्पष्ट केले होते. दुकानदार तरीही ऐकत नसेल, तर ती नाणी बँकेत भरावीत. जाताना दहा-दहाचे ढीग कागदात गुंडाळून प्रत्येकावर रक्कम लिहावी, म्हणजे खिडकीवर मोजणी लवकर होते.